हडसन टेलर : दंग्याधोप्याच्या मुलुखातील प्रवासी

केडगावच्या पंडिता रमाबाई यांनी आपल्या आत्मिक जीवनाची साक्ष लिहून ठेवली आहे. तीत आपल्या श्रद्धेस बळ देणाऱ्या तीन पुस्तकांची नावे त्यांनी दिली आहेत. एक ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचे, दुसरे दक्षिण समुद्रातील बेटांवर काम केलेल्या जॉन पेटन यांचे, आणि तिसरे चायना इनलँड मिशनच्या हकीकतीचे. या तिसऱ्या मिशनचे संस्थापक जेम्स हडसन टेलर यांचे नाव आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस अपरिचित नाही. परंतु त्यांच्याविषयी बोलताना बहुधा एकच गोष्ट सांगितली जाते, ती ही की त्यांनी कोणा मनुष्यापाशी पैसा मागितला नाही. ती गोष्ट खरी आहे. पण आज आम्ही त्यांच्या चरित्राची दुसरी बाजू वाचकांपुढे ठेवणार आहो. ज्या देशात बंडाळी माजली आहे, जेथे परक्या माणसाचे तोंड दिसताच जमाव दगड उचलतो, त्या देशात परदेशीयाने प्रवास कसा करावा, आणि आपले रक्षण कोणाकडे मागावे? टेलरसाहेबांस हा प्रश्न पन्नास वर्षे सोडवावा लागला. आमच्या मंडळ्यांतील कित्येक घरांची मुले आज परमुलुखात नोकरीस आहेत. तिकडे काही गडबड झाल्याची बातमी आली म्हणजे घरी आईबापांचा जीव कसा टांगणीस लागतो, हे त्या घरांस निराळे सांगावयास नको.

टेलरसाहेबांचा जन्म इंग्लंडातील यॉर्कशर परगण्यात बार्न्सली गावी २१ मे १८३२ रोजी झाला. बाप औषधे विकणारा व धर्मशील होता. मुलाने वैद्यकीचा काही अभ्यास केला, आणि १९ सप्टेंबर १८५३ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो लिव्हरपूल बंदरातून निघाला. १ मार्च १८५४ रोजी तो शांघायास उतरला, तेव्हा तेथे लढाईच चालली होती. तायपिंग नावाच्या मोठ्या बंडाने अर्धा देश हलविला होता. आणि शांघायचे तटबंदी शहर दुसऱ्याच एका बंडखोर टोळीने बळकावले असून बादशाही फौजेने त्यास वेढा घातला होता. घरभाडे व अन्नधान्य अतोनात महाग झाले होते. रात्री तोफा ऐकाव्या, दिवसा चिनी भाषा शिकावी, असा त्यांचा पहिला वर्षभराचा क्रम होता.

त्या काळच्या तहाप्रमाणे परदेशीयांस पाचच बंदरांत राहण्याची मोकळीक होती. आत देशात जाणे हा नियमभंग होता. तथापि टेलरसाहेब होडीतून नद्यानाल्यांनी आत जात, पुस्तके वाटीत, औषध देत. एप्रिल १८५५ मध्ये ते जॉन बर्डन या मिशनऱ्याबरोबर तुंगचौ नावाच्या शहराकडे गेले. तेथील शिपाई फार उद्दाम आहेत, जाऊ नका, असे त्यांस लोकांनी सांगितले. त्यांचा चाकरही वाटेतून परत फिरला. हे दोघे मात्र गेले. परंतु जाण्यापूर्वी त्यांनी एक व्यवस्था केली, ती ध्यानात घेण्याजोगी आहे. बरोबर दोन होड्या होत्या. आम्ही रात्री परतलो नाही तर एका होडीने ताबडतोब शांघायास जाऊन वर्दी द्यावी, आणि दुसरीने आमची वाट पाहत थांबावे, असे त्यांनी नावाड्यांस बजावून ठेवले. आपण कोठे जातो व केव्हा येणार हे कोणास तरी ठाऊक असावे, ही साधी गोष्ट पुष्कळ प्रवासी विसरतात.

शहराच्या वेशीजवळ मद्य प्यालेल्या शिपायांनी त्यांस धरले. मारहाण झाली, गळपट्टी आवळली जाऊन टेलरसाहेबांचा श्वास कोंडला. त्यांनी प्रतिकार केला नाही. आम्हांस तुमच्या वरिष्ठ अंमलदारापुढे न्या, एवढेच ते म्हणत राहिले. शेवटी खिशातून मोठ्या प्रयासाने चिनी पद्धतीची तांबड्या कागदाची नावाची चिठ्ठी काढून त्यांनी ती पुढे केली. ती पाहताच शिपायांचा नूर पालटला, कारण तेथे त्या काळी अशी चिठ्ठी प्रतिष्ठित माणसेच बाळगीत. अंमलदाराने त्यांस आदराने बसविले, चहा दिला, त्यांची पुस्तके घेतली, शहर पाहू दिले, आणि माणसे बरोबर देऊन सुरक्षित होडीपर्यंत पोहोचविले. आमच्या मते त्या दिवशी जाण्याचा हट्ट बरोबर नव्हता. गावातल्या माणसाने दिलेला इशारा हा परक्याला मिळणारा सर्वांत चांगला सल्ला असतो. पण संकटात शिरल्यावर त्यांनी जे केले त्यात दोष काढता येत नाही.

त्याच वर्षी टेलरसाहेबांनी इंग्रजी पोशाख टाकून चिनी पोशाख घेतला. डोक्याचा पुढचा भाग भादरून मागे शेंडीची लांब वेणी ठेवली. शांघायातील गोऱ्या मंडळीने त्यांची फार थट्टा केली. पण खेड्यांत गेले म्हणजे पूर्वी जो बघ्यांचा लोंढा मागे लागत असे तो कमी झाला, आणि लोक बोलणे ऐकू लागले. पुढील वर्षी, १८५६ त, निंगपोच्या वाटेवर त्यांच्या चाकराने त्यांचे सर्व सामान लांबविले. अंमलदाराकडे फिर्याद देऊन त्यास पकडविणे शक्य होते. परंतु चिनी तुरुंगात त्याची काय गत होईल हे त्यांस माहीत होते. त्यांनी फिर्याद दिली नाही; त्यास एक पत्र पाठवून पश्चात्ताप करण्याची विनंती केली. नुकसान सोसावे पण भरपाईसाठी दुसऱ्याचा जीव घेऊ नये, हा त्यांचा स्वभाव तेव्हापासून दिसतो.

२० जानेवारी १८५८ रोजी निंगपो येथे मराया डायर या बाईशी त्यांचा विवाह झाला. १८६० त प्रकृती बिघडल्यामुळे ते स्वदेशी गेले, आणि १८६५ त त्यांनी चायना इनलँड मिशन स्थापिले. २६ मे १८६६ रोजी लॅमरम्यूर नावाच्या जहाजातून पत्नी, मुले व सोबत्यांची एक टोळी घेऊन ते पुन्हा निघाले.

या मधल्या काळात कायदा बदलला होता. १८५८ चा टिन्टसिनचा तह १८६० त कायम झाला, आणि त्याच्या नवव्या कलमाने इंग्रज प्रजाजनांस परवाना घेऊन चीनच्या अंतर्भागात हिंडण्याचा हक्क मिळाला. परवाना कॉन्सलाने, म्हणजे त्या बंदरातील इंग्रज सरकारच्या वकिलाने, द्यावयाचा व त्यावर चिनी अंमलदाराची सही असावयाची. वाटेत कोणी मागितला तर दाखवावयाचा. बंदरापासून शंभर ली, म्हणजे सुमारे तीस मैल, पर्यंत व पाच दिवसांच्या आत परत यावयाचे असेल तर परवान्याचे कारण नव्हते. आणि त्याच कलमात आणखी एक अट होती. नानकिंग व बंडखोरांच्या हातातील इतर शहरे बादशाही सत्तेखाली परत येईपर्यंत तेथे जाण्यास कोणास परवाना मिळावयाचा नव्हता. अशांत मुलुखात जाऊ नका अशा ज्या सूचना सरकारे आज आपल्या प्रजेस देतात, त्यांचेच हे एक जुने रूप होय. परंतु कागदावरील हक्क एक आणि यांगचौच्या गल्लीतील जमाव दुसरा, हे लवकरच दिसून आले.

यांगचौ हे मोठ्या कालव्यावरील जुने श्रीमंत शहर. १८६८ च्या उन्हाळ्यात टेलरसाहेब तेथे बिऱ्हाड घेऊन राहिले. कागदपत्र रीतसर होते, घर भाड्याने घेतले होते. पण शहरातील विद्वान व वजनदार वर्गाला ते खपले नाही. भिंतीवर पत्रके लागू लागली. परदेशी लोक मरणाऱ्यांचे डोळे काढतात, लहान मुलांस मारून त्यांची औषधे करतात, असल्या भयंकर गोष्टी त्यांत लिहिलेल्या होत्या. आम्ही हसू नये. आमच्याही खेड्यांत मुले पळविणाऱ्यांच्या अफवेवरून निरपराध वाटसरूंस ठेचून मारल्याचे प्रकार झालेले आहेत. टेलरसाहेबांनी मुख्य अंमलदारास वारंवार पत्रे लिहून इशारा दिला. उत्तरे गुळमुळीत आली. सोबत्यांस त्यांनी ताकीद दिली की कोणी चिडेल असे काही करू नये, आणि घराच्या दारात स्वतः बसून ते येणाऱ्या जमावाशी शांतपणे बोलत.

शनिवार, २२ ऑगस्ट रोजी शहरातील चोवीस मुले नाहीशी झाल्याची आवई उठली. संध्याकाळपर्यंत घराभोवती, टेलरसाहेबांच्या अंदाजाप्रमाणे, आठदहा हजार लोक जमले. तेव्हा ते व जॉर्ज डंकन असे दोघे अंधारातून, दगडांचा मार खात, कचेरीकडे धावले. कचेरीचे दार लागत होते तोच ते आत घुसले व जीव वाचवा अशी आरोळी त्यांनी चिनी भाषेत ठोकली. ती आरोळी ऐकली की दिवस असो वा रात्र, अंमलदाराने बाहेर आलेच पाहिजे अशी तेथील रीत होती. तरी त्यांस पाऊण तास थांबविण्यात आले, आणि त्या पाऊण तासात आपल्या घराच्या दिशेचा आरडाओरडा त्यांस ऐकू येत होता. शेवटी अंमलदार आला, आणि त्याने पहिली चौकशी कशाची केली तर त्या मुलांचे तुम्ही खरोखर काय केलेत, याची! मग एकदाचे शिपाई निघाले. परत येताना वाटेत लोकांनी टेलरसाहेबांस सांगितले की घरातील सर्व परदेशी मारले गेले.

ते खरे नव्हते, पण थोडक्यात राहिले होते. जमावाने घर फोडून लुटले होते व खाली आग लावली होती. मरायाबाई त्या वेळी सहा महिन्यांच्या गरोदर होत्या; त्या, चार लेकरे व इतर बाया माडीवर अडकल्या होत्या. मुलांस व काही बायांस चादरी बांधून खिडकीतून खाली सोडण्यात आले. दिमिष्काच्या तटावरून पौलाला पाटीतून उतरविले त्याची येथे आठवण होते. पण ती वाटही आगीने बंद झाली, तेव्हा मरायाबाईंनी व एमिली ब्लॅचली बाईंनी खाली उड्या टाकल्या. मरायाबाईंचा पाय दुखावला. त्यांस झेलण्यास उभे असलेले हेन्री रीड यांच्या डोळ्यावर वीट बसून ते बेशुद्ध पडले. ज्या शेजाऱ्याच्या घरात ही सारी मंडळी त्या रात्री अंधारात लपली, त्याची गोष्ट इतिहासात थोडी आहे. पण त्याने दार लावले असते तर पुढील इतिहासच झाला नसता. दुसऱ्या दिवशी पुन्हा जमाव आला, पुन्हा कचेरी गाठावी लागली. सोमवारी शिपायांच्या पहाऱ्यात सर्वजण नदीपलीकडील चिनकियांग बंदरास पोहोचले. एकाचाही प्राण गेला नव्हता.

येथपर्यंत आमच्या टेलरसाहेबांविषयी संशयास जागा नाही. पुढचा भाग मात्र अधिक अवघड आहे. घडलेली हकीकत त्यांनी कॉन्सल मेडहर्स्ट यांस कळविली. प्रजाजन या नात्याने कळविणे योग्यच होते. पौलानेही आपण रोमी असल्याचे सांगितले होते. पण मेडहर्स्ट यांनी लढाऊ बोटी घेऊन नदीने वर जाऊन, यांगचौत सैनिक नेऊन, आणि नानकिंगच्या सुभेदारापर्यंत तोफांचा धाक पोहोचवून मागण्या मान्य करून घेतल्या. जाहीरनामा लागला, भरपाई मिळाली, आणि १८ नोव्हेंबरला टेलर कुटुंब त्याच घरात परत राहावयास गेले. २९ नोव्हेंबरला तेथेच मरायाबाईंस मुलगा झाला. ज्या शहराने आपणांस जाळून काढले त्याच शहरात बाळंतपणास जाणे, हे धैर्य आम्ही त्या बाईंच्या नावे मांडतो.

इंग्लंडात मात्र गहजब झाला. मिशनऱ्यांमुळे देश लढाईत ओढला जातो, अशी वर्तमानपत्रांतून टीका झाली. मार्च १८६९ मध्ये ड्यूक ऑफ सॉमरसेट यांनी सरदारांच्या सभेत मिशनऱ्यांस अंतर्भागातून परत बोलवावे असे भाषण केले. तोफा मी मागविल्या नाहीत, असे टेलरसाहेबांचे म्हणणे होते. पण तोफा आल्या होत्या, आणि त्या त्यांच्यासाठी आल्या असेच यांगचौच्या लोकांनी पाहिले. हा धडा ते विसरले नाहीत. पुढे मिशनच्या नियमांत असे घालण्यात आले की, परवाना जवळ ठेवावा, लोकांशी व विशेषतः अंमलदारांशी तंटा होऊ नये म्हणून अतिशय सावध राहावे, त्रास झाल्यास स्थानिक अंमलदारास मित्रभावाने कळवावे, आणि त्यानेही दाद न दिल्यास देवावर सोपवावे. गुन्हेगारांस शिक्षा करविण्यासाठी किंवा भरपाईसाठी परदेशी सरकारकडे आपल्या मताने अर्ज करू नये.

येथे एक गोष्ट आम्ही पूर्वीच्या मुंबई इलाख्यातील वाचकांनी कबूल केली पाहिजे. परदेशीयांचा इतका द्वेष चीनमध्ये का होता? अफवा खोट्या होत्या, पण अफूच्या पेट्या खऱ्या होत्या. माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरातूनच चीनला जात असे, आणि त्या व्यापाराचे पैसे आमच्या या किनाऱ्यावर मुरले आहेत. टेलरसाहेब त्या व्यापाराविरुद्ध जन्मभर बोलत राहिले. ज्या निशाणाखाली शुभवर्तमान येते त्याच निशाणाखाली विष येते, तर गावकऱ्याने दोहोंत भेद कसा करावा, ही त्यांची खरी अडचण होती.

२१ जून १८७० रोजी टिन्टसिन येथे पुन्हा मुलांच्याच अफवेवरून जमाव उसळला. तेथील फ्रेंच कॉन्सल रागाच्या भरात कचेरीत गेला व त्याने चिनी अंमलदाराच्या दिशेने पिस्तूल झाडले. जमावाने त्यास ठार केले, आणि दहा मठवासिनींसह सुमारे वीस परदेशी व त्यांहून अधिक चिनी ख्रिस्ती प्राणास मुकले. यांगचौ व टिन्टसिन यांतील फरक कोणीही पाहावा. पुढील महिन्यात, २३ जुलैस, चिनकियांग येथे मरायाबाई पटकीसारख्या आजाराने व बाळंतपणाच्या अशक्तपणाने वारल्या. त्या तेहतीस वर्षांच्या होत्या. टेलरसाहेबांनी पुढे जेनी फॉल्डिंग या आपल्या सहकारी बाईंशी लग्न केले.

१८७५ त मार्गारी नावाचा इंग्रज अधिकारी युन्नान प्रांतात मारला गेला. त्यावरून लढाई होते की काय असे वाटत असता १३ सप्टेंबर १८७६ रोजी चिफू येथे करार झाला, आणि परवाना बाळगणाऱ्या परदेशीयाचे रक्षण केलेच पाहिजे असे जाहीरनामे प्रांतोप्रांती लागले. टेलरसाहेबांचे तरुण सोबती तयारच होते. ते दोनदोनच्या जोडीने, चिनी वेषात, नऊ नवीन प्रांतांत शिरले. दीड वर्षात त्यांनी मिळून सुमारे तीस हजार मैल प्रवास केला असे सांगतात. जॉन मॅकार्थी तर चीन ओलांडून १८७७ त ब्रह्मदेशातील भामो येथे चालत पोहोचला. तोफा जेथे पोहोचणार नाहीत तेथेच हे लोक पोहोचले.

मग १९०० साल आले. दुष्काळ, परकी राष्ट्रांनी चालविलेली जमिनीची लूट, आणि दरबाराचे उत्तेजन यांमुळे बॉक्सर म्हणविणाऱ्या टोळ्या उत्तरेत माजल्या. शानशी प्रांताच्या सुभेदाराने ९ जुलैस तायुआन येथे, रक्षणाच्या मिषाने एकत्र आणलेल्या चाळीसहून अधिक परदेशी पुरुष, बायका व मुले यांस ठार करविले. शेजारच्या शेन्शी प्रांतात त्वानफांग नावाच्या अंमलदाराने नेमके उलट केले. दरबाराचा हुकूम काहीही असो, त्याने परदेशीयांस बंदोबस्ताने सीमेपार पोहोचविले. देश एक, महिना एक. वाटसरूचा जीव त्या त्या जागच्या माणसाच्या मनावर अवलंबून राहिला. शानशीतून निघालेली मिशनची एक टोळी लुटली जात, उपाशी, उन्हात पायी चालत सुमारे सात आठवड्यांनी हांकौस पोहोचली. लहान मुले वाटेतच गेली. चायना इनलँड मिशनची एकूण अठ्ठावन्न मोठी माणसे व एकवीस मुले त्या वर्षी मारली गेली. आणि चिनी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती सुमारे दोन हजार. त्यांच्याजवळ कोणताही परवाना नव्हता, आणि त्यांच्यासाठी कोणतीही बोट येणार नव्हती.

टेलरसाहेब त्या वेळी स्वित्झर्लंडात आजारी होते. एकामागून एक तारा येत. त्यांतील एकूणएक नावे त्यांच्या ओळखीची. पुष्कळांस त्यांनीच पाठविले होते. त्यांची शक्ती इतकी खचली की त्यांस वाचवेना, विचार करवेना. बायकामुलांस अशा जागी ठेवणे योग्य होते काय, असे आम्ही आज विचारतो, आणि आम्हांस नीट उत्तर सापडत नाही. एकवीस हा आकडा वाचून पुढे जाणे कठीण आहे.

लढाई संपल्यावर ७ सप्टेंबर १९०१ च्या तहाने चीनवर पंचेचाळीस कोटी तोळे रुप्याचा दंड बसला, तोही एकोणचाळीस वर्षांत व्याजासह फेडावयाचा. येथे तोळा म्हणजे तेथील ताएल हे वजन समजावे. असा दंड शेवटी कोण भरतो हे शेतकऱ्यास कळते. मिशनने ठरविले की गेलेल्या जिवांबद्दल किंवा मालाबद्दल काही मागावयाचे नाही, आणि देऊ केले तरी घ्यावयाचे नाही. टेलरसाहेबांच्या जागी आलेले डिक्सन होस्ट यांनी हे शानशीच्या नव्या सुभेदारास कळविले. तेव्हा त्या चिनी अधिकाऱ्याने प्रांतभर जाहीरनामा लाविला, आणि अपकाराची फेड अशी करावयास शिकविणाऱ्या येशूच्या शिकवणीची त्यात वाखाणणी केली. ज्या प्रांतात सर्वांत जास्त रक्त सांडले, त्याच प्रांतातील भिंतींवर हे पत्रक लागले. तेहतीस वर्षांपूर्वी यांगचौच्या भिंतींवर काय लागले होते ते वाचकांस आठवत असेल.

१९०४ त जेनीबाई वारल्या. पुढील वर्षी टेलरसाहेब, वय वर्षे बहात्तर, पुन्हा चीनला गेले. जुनी ठाणी पाहत ते हुनान प्रांताची राजधानी चांगशा येथे आले. परदेशीयांस शेवटपर्यंत वेशीबाहेर ठेवणारा प्रांत तो हाच. तेथील ख्रिस्ती मंडळीस ते भेटले, त्यांच्याशी बोलले, आणि ३ जून १९०५ रोजी संध्याकाळी शांतपणे त्यांचा प्राण गेला. त्यांचे शव नदीमार्गाने चिनकियांगास नेण्यात आले, व ज्या गावी ते यांगचौहून जीव वाचवून आले होते तेथे मरायाबाईंच्या शेजारी त्यास मूठमाती देण्यात आली.